परीक्षेच्या फाटकावरची कात्री

मी कात्री बोलतेय. शिवणकामाची, जड, काळ्या मुठीची. मला उचलायचं तर चारही बोटं आत घालावी लागतात, म्हणून लहान मुलं माझ्या वाटेला जात नाहीत.

मला घडवणारा कारागीर बोलायचा कमी आणि खोकायचा जास्त. त्याने माझी दोन पाती वेगवेगळी ठोकली, वेगवेगळी घासली आणि मग एका खिळ्यावर दोघींना जन्मभरासाठी अडकवून टाकलं. ओल्या मलमलीवर मला चालवून बघितलं. कापड कुठे अडलं नाही, तेव्हा त्याने मान हलवली. विकताना माझ्या मालकिणीला तो म्हणाला, "ही कुणाला उसनी देऊ नका बरं. हात बदलला की कात्री बिघडते."

मालकिणीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तिने हे वाक्य असं ऐकलं, की जणू सासूबाईच बोलल्या.

आमचं दुकान एका मोठ्या शाळेच्या फाटकासमोर. दुकान म्हणजे एकच खोली. अर्धी मालकिणीची, अर्धी तिच्या नवऱ्याची. ती शिवते, तो इस्त्री करतो. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर दुसऱ्याला रस्त्यावर उभं राहावं लागतं. तिला सगळे ताई म्हणतात. त्याला कुणी काही म्हणत नाही, नुसतं "झाली का इस्त्री?" एवढंच विचारतात.

त्यांची एकुलती एक लेक माझ्या टेबलाखाली वाढली. चिंध्यांवर झोपायची, चिंध्यांशी खेळायची. ती प्रत्येक गोष्टीत सावकाश. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. शाळेत जायला लागली तेव्हा भलंमोठं दप्तर पाठीवर घेऊन भिंतीच्या कडेकडेने यायची. बाप म्हणाला, "आली बघा आमची गोगलगाय, बिऱ्हाड पाठीवर घेऊन." तेव्हापासून ती गोगू.

गोगू लाजरी होती. गिऱ्हाईक आलं की ती कापडांच्या गठ्ठ्यामागे जाऊन उभी राहायची. पण तिथून तिचं सगळीकडे लक्ष असायचं. एकदा बापाचा हात इस्त्रीने भाजला. दवाखान्यात पट्टी बांधून आणली, ती संध्याकाळपर्यंत सुटली. गोगूने ती पुन्हा बांधली. इतकी नीट बांधली, की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "ही आमच्या नर्सने बांधली का?"

त्या रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "मी हे करणार."

"काय? इस्त्री?" बापाने विचारलं.

"नाही. हे." तिने पट्टीकडे बोट दाखवलं.

झालं. त्या दिवसापासून दुकानातल्या कापडी पुतळ्याचे हाल सुरू झाले. मालकिणीच्या खडूने गोगू त्याच्यावर फासळ्या काढायची, काळीज काढायची, प्रत्येकाखाली नाव लिहायची. गिऱ्हाईक यायच्या आत मालकीण ब्रशने सगळं झटकायची. बाप म्हणायचा, "अगं, झटकू नको, बिचाऱ्याचं ऑपरेशन चाललंय."

बारावी झाली आणि मग आली ती प्रवेश परीक्षा. डॉक्टर व्हायचं तर आधी ती द्यावी लागते. हजारो मुलं, सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ. आपल्याला बरोबर वाटेल तो गोल काळा करायचा. कसं सुचलं, का सुचलं, हे कुणी विचारत नाही. गोगूला उत्तर येत नाही असं फारसं होत नसे. उत्तर यायचं, फक्त पोचायला वेळ लागायचा. ती प्रश्न वाचायची, मग पुन्हा वाचायची, मग खिडकीबाहेर बघायची, आणि मग लिहायची. असा माणूस डॉक्टर म्हणून मला तरी आवडेल. पण परीक्षेला तो चालत नाही.

पहिल्या वर्षी ती थोडक्यात राहिली. दुसऱ्या वर्षी आणखी थोडक्यात.

"तयार कपड्यांचं दुकान आहे ते," बाप चिडून म्हणाला. "एकच साइज. बसला तर घ्या, नाही तर पुढे व्हा."

"तुम्ही तुमच्या इस्त्रीकडे बघा," मालकीण म्हणाली. "कॉलर जळेल."

तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना गोगूने स्वतःच सांगितलं, "ही शेवटची. या वेळी नाही झालं तर मी दुकानात बसणार. आई, तुझे डोळे दुखतात. बाबा, तुमचा हात थरथरतो. मला दिसतं सगळं." दोघांपैकी कुणीच तिला नाही म्हणालं नाही. म्हणणार तरी काय? खरंच होतं ते.

आता फाटकाचं सांगते, कारण माझ्या आयुष्यातला कडवटपणा तिथून आला.

गोगू शाळेत होती तेव्हाची गोष्ट. समोरच्या शाळेत या परीक्षेचं केंद्र असायचं. एका वर्षी परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळेचे रखवालदार, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते, धावत दुकानात आले.

"ताई, कात्री द्या पटकन. तिकडे पोरींच्या बाह्या ब्लेडने फाडायला लागलेत."

परीक्षेला लांब बाह्यांचे कपडे चालत नाहीत. आत कागद लपवतील म्हणून. ज्यांना हे माहीत नसतं, किंवा माहीत असूनही ज्यांच्याकडे दुसरा कपडा नसतो, त्या मुली फाटकाशी अडकतात.

"कात्री द्यायची नाही मी कुणाला," मालकीण म्हणाली. मग तिने मला उचललं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला, मीच येते."

तिने एकही बाही कापली नाही. माझ्या टोकाने खांद्याजवळची शिवण हलकेच उसवली, एक एक टाका. अख्खी बाही हातात आली. तिच्यावर खडूने नाव लिहून तिने पिशवीत ठेवली. "पेपर झाला की समोर ये गं," ती प्रत्येकीला सांगायची. "पुन्हा लावून देते. कळणारसुद्धा नाही."

तेव्हापासून दर वर्षी मामा बोलवायला यायचे आणि आम्ही दोघी जायचो. मी तिथे खूप माणसं बघितली. "अजिबात घाबरू नकोस" असं ओरडून ओरडून मुलीला घाबरवणारे बाप. मुलांचे पट्टे, घड्याळं, कानातली ओंजळीत धरून उभ्या राहिलेल्या आया, जणू मुलंच काढून हातात दिली आहेत. आपला मुलगा आत गेल्यावरसुद्धा फाटकाच्या गजांना तोंड लावून "आधी सोपे सोडव रे!" असं भिंतीला सांगणारे काका. आणि हसत हसत दुसऱ्याच्या मुलाची उमेद काढून घेणारे. "कितवा प्रयत्न? अच्छा, अजून चाललंय का?"

संध्याकाळी मुली बाह्या लावून घ्यायला यायच्या. सगळ्या नाही. जिचा पेपर वाईट गेला ती बहुधा यायचीच नाही. तिची बाही आमच्याकडेच राहायची. दाराच्या मागे अशा बाह्यांची एक पिशवी होती. बाप म्हणायचा, "बाह्या भरपूर झाल्या, आता हात तेवढे शोधायचे राहिले." मालकीण हसायची नाही.

गोगूच्या पहिल्या दोन परीक्षांना केंद्र लांब मिळालं होतं. तिच्याबरोबर बाप गेला आणि मालकीण इथे फाटकावर थांबली. तिला वाटायचं, मी इथे कुणाच्या पोरीची बाही नीट उतरवली तर तिकडे माझ्या पोरीकडे कुणीतरी नीट बघेल. माणसं असा हिशोब का धरतात मला कळत नाही. समोरच्या माणसाला तो माहीतच नसतो.

तिसऱ्या वर्षी गोगूला केंद्र मिळालं ते समोरचीच शाळा. तिची स्वतःची शाळा. मालकिणीला इतका आनंद झाला, की तिने येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "रस्ता ओलांडला की झालं! यंदा सगळं जुळून येतंय."

तिने गोगूसाठी निळा कुर्ता शिवला. नियमांचा कागद मशीनशेजारी भिंतीला लावून शिवला. बाही आखूड. खिसा नाही. मोठं बटण नाही. भरतकाम नाही. मला तर वाटतं, त्या कुर्त्याहून साधा कुर्ता जगात कुणी शिवला नसेल.

आदल्या दिवशी दुपारी गोगूने तो घालून बघितला, तर तो अंगावर लोंबत होता. अभ्यासाने पोरगी पार वाळली होती. मालकिणीने दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून तो आत घेतला. मग बाजूचं जास्तीचं कापड कापून टाकायला तिचा हात माझ्याकडे आला. आला, आणि परत गेला.

"राहू दे," ती म्हणाली. "परीक्षा झाली की चार घास नीट खाशील, अंग भरेल. मग शिवण सोडून देते."

शिवणीच्या आत असं जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. माया ठेवायची मालकिणीला फार सवय. वाढत्या पोरांचे कपडे शिवणाऱ्या कुठल्याही बाईला असते. पण या वेळी ती जरा जास्तच राहिली. काखेत टोचू नये म्हणून तिने ती दुमडून घेतली आणि वरून आणखी एक टीप मारली. काखेपासून कमरेपर्यंत, दोन्हीकडे, जाड पट्टी झाली. बाहेरून दिसत नव्हती. हाताला मात्र लागत होती.

संध्याकाळी मामा आले. दारातच घुटमळले.

"ताई, यंदा तुम्हाला आत नाही येता यायचं. घरची मुलगी परीक्षेला असली की... वरून सांगून आलंय."

"हो, बरोबरच आहे," मालकीण म्हणाली.

"कात्री तेवढी द्या. हस्तकलेच्या बाई आहेत ड्यूटीवर, त्या उतरवतील बाह्या. नाही तर पुन्हा ते ब्लेड."

मालकिणीने मला हातात घेतलं. तिने मला कधीच कुणाला दिलं नव्हतं. मग तिने माझ्या खिळ्यात तेलाचा थेंब सोडला, मला रुमालात गुंडाळलं आणि मामांच्या हातात ठेवलं. "बाईंना सांगा, कापू नका, उसवा. पोरींना पुन्हा वापरता येतात कपडे." आणि वर हसून म्हणाली, "आमच्या गोगूला काही ती लागायची नाही."

हस्तकलेच्या बाईंना मी ओळखत होते. त्यांनी गोगूला शाळेत शिवण शिकवली होती. त्यांचे सगळे कपडे आमच्याच दुकानात शिवलेले. त्या दिवशी त्यांच्या अंगावर होता तो ड्रेससुद्धा मीच कापला होता.

त्या वर्षी फाटकावर एक नवीन बाई होती. कुठल्याशा कंपनीने पाठवलेली, गणवेशातली, हातात धातू शोधायचं यंत्र घेतलेली. दुष्ट नव्हती ती. उन्हात उभी राहून सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवायचा, आणि एखादीने काही आत नेलं तर नोकरी जायची. तिच्या चेहऱ्यावर तेवढंच होतं.

गोगूची पाळी आली. यंत्र वाजलं नाही. मग त्या तपासणीवाल्या बाईचे हात तिच्या बाजूंवरून खाली गेले आणि थांबले.

"हे काय आहे?"

"माया," गोगू म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला असेल नसेल.

"काय?"

"शिवणीतली माया. कापडच आहे. आईनं ठेवलंय."

"कशाला ठेवलंय?"

गोगूकडे याचं उत्तर होतं. ते निघालंही होतं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ते वाटेत होतं. "म्हणजे परीक्षेनंतर मी..."

"परीक्षेनंतर काय?" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, चला ना लवकर!" तपासणीवाली हस्तकलेच्या बाईंकडे वळली. "बाई, उसवा हे. दोन्हीकडचं."

बाईंना माहीत होतं आत काय आहे. वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून त्या तेच शिकवत आल्या होत्या. गोगूची आई कोण, तिचा हात कसा चालतो, हेही माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या काखेत त्या क्षणी तीच माया होती. त्यांनी गोगूकडे बघितलं. तपासणीवालीकडे बघितलं. तोंड उघडलं. मग घड्याळाकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

आणि मला उचललं.

उसवायला वेळ लागला असता. त्यांनी कापलं. जाड घडीवर मला ठेवून शिवणीसकट काखेपासून कमरेपर्यंत सरळ चालवलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मी अडले नाही. मालकिणीने मला कालच तेल दिलं होतं.

तपासणीवालीने कापलेली घडी बोटांनी उघडून बघितली. आत कापड होतं. निळं, धुतलेलं, आणि काहीच नाही.

"हं," ती म्हणाली. "जा."

कुर्ता दोन्ही बाजूंनी उघडा पडला होता. गोगूने दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरली.

"बाई, टाचणी आहे?"

"टाचणी नाही चालत गं, धातू आहे." बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. "जा, घंटा होईल. बेस्ट लक."

रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर मालकीण उभी होती. रांगेच्या पाठी तेवढ्या तिला दिसत होत्या. गोगू आत जायला वळली तेव्हा तिने जोरात हात हलवला. गोगूने हलवला नाही. तिला हात उचलताच येत नव्हता. मालकीण नवऱ्याला म्हणाली, "घाबरलीय पोर." हे त्याने नंतर सांगितलं.

दुपारी मामांनी मला परत आणून दिलं. रुमालात गुंडाळूनच दिलं आणि लगेच गेले. पाठोपाठ गोगू आली.

"हे कुठे फाटलं?" मालकिणीने विचारलं.

"बाकाला अडकलं."

"दोन्हीकडे?"

"हो."

मालकिणीने कुर्त्याची कड चिमटीत धरून बघितली. फाटलेल्या कापडाला सुतं सुटतात, कापलेल्याला सुटत नाहीत. तिने कड सोडून दिली. मग रुमाल उघडला. माझ्या खिळ्यापाशी निळ्या सुताचं एक कुसळ अडकलं होतं. तिने ते नखाने काढलं, पाती पुसली आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.

"जेवून घे," ती गोगूला म्हणाली. "कालवण गरम आहे."

निकाल लागला. गोगू राहिली. किती थोडक्यात, ते मी सांगत नाही, कारण त्या घरातही तो आकडा कुणी दुसऱ्यांदा उच्चारला नाही.

त्यानंतर एका दुपारी मालकीण दोरे आणायला बाहेर गेली होती. बापाने इस्त्री उभी केली आणि विचारलं, "गोगू, खरं सांग. काय झालं तिथे?"

तिने सांगितलं. सावकाश, पण सगळं. फाटकावरचं. वर्गातला पंखा बरोबर डोक्यावर होता, कापड उडायचं, मागच्या बाकावर मुलगे होते. कोपर अंगाशी धरलं की उत्तरपत्रिका सरकायची, ती धरायला हात काढला की बाजू उघडी पडायची. दर वेळी ती थांबायची, सावरायची आणि प्रश्न पहिल्यापासून वाचायची.

"शेवटचं पान मी बघितलंसुद्धा नाही, बाबा. घरी येऊन बघितलं. सगळं येत होतं."

बापाने पायात चपला सरकवल्या. "मी जातो. आत्ता जाऊन विचारतो त्या बाईला. आपल्याच दुकानातले कपडे घालून फिरते आणि..."

"नको बाबा."

"का नको?"

"आईला कळेल."

"आईला त्याच दिवशी कळलंय," दारातून मालकीण म्हणाली. तिच्या हातात दोऱ्याची रिळं होती. ती आत आली आणि मशीनसमोर बसली. भिंतीवर नियमांचा कागद अजून तसाच होता. "सगळे वाचले होते मी. बाह्या, बटणं, खिसे. मायेचं काही लिहिलं नव्हतं त्यात."

"आई, तुझं काही चुकलं नाही."

"माहीत आहे मला," मालकीण म्हणाली. "तरी पण." आणि तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना, तेव्हा गोगूने तो तिच्या हातातून घेतला आणि ओवून दिला.

बापाला कुठे जावं लागलं नाही. बाई स्वतःच आल्या. नवीन कापड घेऊन, नेहमीसारख्या.

"ताई, काय झालं हो गोगूचं?"

"नाही झालं."

"अरेरे! आणि किती हुशार मुलगी. नशीब बाई एकेकाचं." त्यांनी इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं. तिथे गोगू उभी होती. ती आता कपड्यांच्या गठ्ठ्यामागे जात नव्हती. बाईंनी नजर काढून घेतली. "पुढच्या वर्षी नक्की होईल हं."

मालकिणीने टेप काढली. खांदा, छाती, कंबर, सगळी मापं घेतली, वहीत लिहिली. मग पेन्सिल धरून विचारलं, "माया किती ठेवू?"

बापाने इस्त्री उभी केली.

"नेहमीसारखीच," बाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं की बाहेर रिक्षा थांबवलीय.

मालकिणीने तो ड्रेस शिवला. माया ठेवली. तिने दुसरी कात्री आणली होती, त्या कात्रीने कापला. मला ती हात लावत नव्हती. परीक्षेचा दिवस पुन्हा आला आणि मामा पायरीशी येऊन उभे राहिले, तेव्हा तिने मला खिळ्यावरून काढलं. "घेऊन जा मामा. आणि आता परत आणू नका. शाळेलाच राहू दे."

तशी मी इथे आले. आता शाळेच्या कपाटात असते, गोंदाच्या बाटल्या आणि तुटक्या पट्ट्यांच्या शेजारी. माझ्याकडून पुठ्ठे कापून घेतात. कुणी तेल देत नाही. माझी तक्रार नाही, मला आता धारेचं कौतुक राहिलेलं नाही.

पण मामा मला घेऊन गेले त्या सकाळी फाटकावर जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तपासणीवाली तीच होती. हस्तकलेच्या बाई त्याच. रांगेत एक मुलगी आली, गोगूपेक्षाही बारीक, घाबरून घामाघूम झालेली. तपासणीवालीचा हात तिच्या कमरेशी थांबला. "हे जाड काय आहे? बाई, उसवा."

बाईंनी मला उचललं. आणि मग त्या म्हणाल्या, "अहो, माया आहे ती. शिवणीतलं जास्तीचं कापड. सगळ्याच कपड्यांत असते."

"हो का?" तपासणीवाली म्हणाली. "मग जाऊ दे. पुढची!"

मुलगी आत पळाली. आपल्यावर काय येणार होतं हे तिला कळलंही नाही. कुणी वाद घातला नाही. कुणाची नोकरी गेली नाही. रांगसुद्धा थांबली नाही. एवढंच वाक्य लागलं होतं. बाईंना ते गेल्या वर्षीही येत होतं, अगदी तोंडपाठ येत होतं.

बाई खुशीत होत्या. माझी मूठ टेबलावर आपटत मामांना म्हणाल्या, "बघा, वेळेवर बोलावं लागतं माणसानं. वाचली ना पोरगी?"

मामा रस्त्यापलीकडे बघत होते. तिथे गोगू कुणाचा तरी शर्ट इस्त्री करत होती. बाहीची घडी तिने उलगडली, पुन्हा नीट घातली आणि मग तिच्यावरून इस्त्री फिरवली. तिथे तिला कुणी घाई करत नाही.

मुलांनो, तुमचं शिक्षण होईल, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या फाटकावर उभे राहाल. तुमच्या हातात कात्री देतील आणि "उसवा" म्हणतील. आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक असलं, तर कृपा करा आणि आधी ते सांगून टाका. पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरीसाठी नव्हे. समोर उभी असेल तिच्यासाठी.